क्रूझवरील संध्याकाळचा पोशाख : इंदूरहून निघण्यापूर्वीची निवड, शिलाई आणि बांधाबांध

इंदूरहून क्रूझला निघणाऱ्या मराठी कुटुंबांची खरेदी बहुधा उलट्या क्रमाने होते. तिकिटे निघाली की बायका सीतलामाता बाजार गाठतात, पुरुषांसाठी सूट शिवायला टाकला जातो, आणि जहाजावर संध्याकाळी नेमके काय घालायचे असते याची चौकशी निघण्याच्या आठवड्यात सुरू होते. मग एक तर लग्नातले जड शालू आणि शेरवान्या बॅगेत भरल्या जातात व दुसऱ्याच संध्याकाळी त्यांचा कंटाळा येतो. नाहीतर सुट्टीच आहे, सगळे चालते, असे समजून केवळ टी-शर्ट आणि रोजचे पंजाबी ड्रेस नेले जातात व औपचारिक भोजनाच्या रात्री दारातच संकोच वाटू लागतो. माझे मत असे आहे की आपल्या भागात विणले जाणारे हलके कापड, नीट बेतलेले पोलके आणि न घसरणारी पादत्राणे एवढ्यावर कोणत्याही जहाजावरची संध्याकाळ शोभून दिसते. त्यासाठी नवा गाऊन किंवा टक्सिडो विकत घेण्याची गरज नाही. निवडीचा क्रम मात्र बरोबर असायला हवा.

आधी औपचारिक रात्री किती आहेत ते मोजून घ्या

तिकिटे हाती आल्यावर पहिले काम म्हणजे आपल्या क्रूझ कंपनीच्या संकेतस्थळावर पोशाखाचे नियम वाचणे आणि सहलीत औपचारिक रात्री किती आहेत हे एजंटाकडून लिहून घेणे. साधारण सात रात्रींच्या सहलीत अशा रात्री एक किंवा दोन असतात आणि उरलेल्या संध्याकाळी नीटनेटका, पण सैल पोशाख चालतो. कंपनीगणिक फरक मात्र बराच आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने औपचारिक पोशाखाची सक्ती ठेवलेलीच नाही. याउलट क्युनार्डच्या जहाजांवर संध्याकाळी ६ नंतर पोशाखाचे नियम लागू होतात आणि गाला संध्याकाळी पुरुषांकडून गडद सूट व टायची अपेक्षा असते. तेथेही आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख मान्य आहे, म्हणजे साडी आणि बंदगला यांना कोणीही हरकत घेत नाही. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या सहलींत वातावरण बरेच मोकळे असते आणि एखादी रेशीम-सुती साडी किंवा चांगला कुर्ता पुरेसा होतो.

नियम प्रामुख्याने मुख्य भोजनगृहाला आणि जास्तीचे पैसे भरून जेवायच्या खास रेस्टॉरंटना लागू असतात. बुफेच्या जागी औपचारिक रात्रीही साध्या कपड्यांत जेवता येते. घरातील वृद्धांना किंवा लहान मुलांना नटण्याचा कंटाळा असेल, तर त्यांच्यावर सक्ती न करता ही सोय वापरावी.

औपचारिक रात्र बहुधा ज्या दिवशी जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही त्या दिवशी ठेवतात, कारण तयारीला वेळ मिळतो. पहिल्या रात्री ती क्वचितच असते. बंदरावर आपल्या मोठ्या बॅगा ताब्यात घेतल्या जातात आणि त्या खोलीपर्यंत पोहोचायला कधीकधी संध्याकाळ उलटते; त्यामुळे पहिल्या संध्याकाळचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवावेत, हे विसरू नये. काही सहलींत एखाद्या रात्रीसाठी रंग ठरवून दिलेला असतो. पांढऱ्या रंगाची संध्याकाळ असेल तर त्याची माहिती आधीच काढावी, कारण ऐन वेळी जहाजावरच्या दुकानातून घेतलेला पांढरा पोशाख महाग पडतो आणि अंगाला बसेलच असे नाही.

एवढी माहिती हाती आली की हिशेब सोपा होतो. सात रात्रींसाठी दोन खास पोशाख आणि आलटून-पालटून घालता येतील असे तीन साधे पोशाख पुरतात.

जहाजावर कपड्यांना काय सोसावे लागते

माळव्याची रात्र कोरडी असते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि येथे उन्हाळ्यातही संध्याकाळी वारा सुटला की घाम वाळतो. समुद्रावर हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, आणि राजवाड्याजवळच्या एखाद्या समारंभात चार तास आरामात नेसलेली साडी डेकवर पंधरा मिनिटांत पाठीला चिकटू लागते. त्याच जहाजाच्या आत, भोजनगृहात आणि नाट्यगृहात, वातानुकूलन इतके जोरात असते की उघड्या दंडांवर काटा येतो. एकाच संध्याकाळी माणूस तीन-चार वेळा या दोन हवांमधून ये-जा करतो.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. जहाज २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३७ किलोमीटर वेगाने जात असेल, तर हवा अगदी स्तब्ध असली तरी उघड्या डेकवर तेवढ्याच वेगाचा वारा समोरून लागतो, आणि निसर्गाचा वारा विरुद्ध दिशेने वाहत असेल तर त्यात आणखी भर पडते. न पिनलेला पदर, अनारकलीचा मोठा घेर आणि लांब ओढणी या तिघींची परीक्षा तेथे होते. याखेरीज डेकच्या दारांना आणि बहुतेक केबिनच्या न्हाणीघरांना उंच उंबरे असतात, जिने बरेच असतात, आणि समुद्र थोडा खवळला तर एक हात सतत कठड्यावर ठेवावा लागतो. म्हणून हातात धरायची सुंदर क्लच पर्स येथे गैरसोयीची ठरते. मनगटात अडकणारा बटवा किंवा बारीक साखळीची खांद्यावरची पर्स घ्यावी, ज्यात खोलीचे कार्ड, चष्मा आणि रुमाल मावेल.

सुरुवात पायांपासून

बहुतेक जणी आधी साडी ठरवतात आणि मग तिला शोभणारी चप्पल शोधतात. क्रूझसाठी मी नेमका उलट क्रम सुचवते, कारण चप्पलेच्या टाचेवर साडीची उंची, परकराची लांबी आणि अनारकलीचा घेर अवलंबून असतो, आणि जहाजावर पाय घसरण्याची भीती खरी आहे. टाच रुंद असावी आणि दीड-दोन इंचांच्या वर नसावी. पेन्सिल हील लाकडी डेकच्या फटींत अडकते. घोट्याला पट्टा असलेली सोनेरी किंवा तांबूस रंगाची सँडल घेतली तर ती सर्व पोशाखांवर चालते आणि बॅगेतील जागा वाचते.

कोल्हापुरी चप्पल आणि मोजडी दिसायला देखण्या असल्या तरी त्यांचा चामड्याचा तळ ओल्या डेकवर घसरतो. त्या न्यायच्याच असतील तर मोचीकडून खाली पातळ रबरी तळ चिकटवून शिवून घ्यावा. खर्च अगदी थोडा येतो आणि वरून दिसण्यात काही फरक पडत नाही. नवी पादत्राणे निदान दोन आठवडे घरात वापरून मऊ करावीत.

कापड : महेश्वरी, चंदेरी, नऊवारी आणि बाकीचे

इंदूरकरांचे भाग्य असे की महेश्वर केवळ नव्वद-एक किलोमीटरवर आहे आणि तेथे विणली जाणारी साडी क्रूझच्या संध्याकाळीसाठी जणू मुद्दाम तयार केल्यासारखी आहे. अहिल्याबाई होळकरांनी आपली राजधानी महेश्वरला नेली आणि विणकरांना आश्रय दिला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. आज मिळणाऱ्या बहुतेक महेश्वरी साड्यांत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. रेशमामुळे दिव्यांच्या प्रकाशात मंद चमक येते, सुतामुळे घाम टिपला जातो, आणि वजन इतके कमी असते की तीन तास बसून जेवताना खांद्यावर ओझे वाटत नाही. तिच्या काठाचे वैशिष्ट्य येथे विशेष उपयोगाचे आहे. पारंपरिक महेश्वरी काठ दोन्ही बाजूंनी सारखाच नेटका दिसतो, त्यामुळे वाऱ्याने पदर उलटला तरी उलट बाजूचे लोंबते धागे दिसत नाहीत. काही काठांच्या दोन बाजूंचे रंग वेगळे असतात. अशी साडी दोन संध्याकाळी दोन बाजूंनी नेसता येते, मात्र फॉल एकाच बाजूला लागत असल्याने तो लावण्यापूर्वीच हे ठरवावे. मी तर अशा साडीला फॉल लावूच नये असे म्हणेन, कारण महेश्वरीचा काठ स्वतःच बऱ्यापैकी वजनदार असतो.

खरेदी करताना काठाचे रंग दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न पाहता दारापाशी नेऊन पाहावेत. गर्द निळा, वांगी, शेवाळी, मरून हे रंग रात्रीच्या पिवळसर प्रकाशात खुलतात आणि जेवताना पडलेला एखादा डाग लपवतात. सीतलामाता बाजारात पर्याय भरपूर आहेत. भावात घासाघीस नको असेल आणि हातमागाची खात्री हवी असेल तर राज्य सरकारच्या मृगनयनी एम्पोरियममध्ये जावे, आणि एक दिवस मोकळा असेल तर सरळ महेश्वरलाच जावे. तेथे त्याच कापडाचे दुपट्टे आणि स्टोलही मिळतात. असा एक स्टोल प्रत्येकीने घ्यावाच, कारण थंड नाट्यगृहात तो शालीचे काम करतो आणि साध्या काळ्या कुर्त्यावर टाकला की तोच संध्याकाळचा पोशाख होतो.

चंदेरी अधिक नाजूक आणि अधिक औपचारिक दिसते. तिच्यासाठी वापरलेल्या रेशमाचा नैसर्गिक डिंक पूर्णपणे काढलेला नसतो. त्यामुळे कापड पारदर्शक आणि किंचित ताठ राहते. ताठपणामुळे निऱ्या सुरेख बसतात, पण घडीच्या सुरकुत्याही पक्क्या बसतात, आणि जहाजावर इस्त्रीची अडचण असते. त्यामुळे चंदेरी एकच न्यावी, ती औपचारिक रात्रीसाठी राखावी आणि घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून न्यावी. पारदर्शकतेमुळे परकराचा रंग साडीच्या रंगाशी तंतोतंत जुळायला हवा. पांढऱ्या चंदेरीखाली मात्र पांढरा परकर उठून दिसतो. तेथे त्वचेच्या रंगाजवळचा परकर घातला तर तो जवळजवळ अदृश्य होतो.

पैठणी नेण्याची इच्छा मला समजते, विशेषतः लग्नाचा वाढदिवस जहाजावर साजरा होणार असेल तेव्हा. नेली तर एकच न्यावी, आणि ती नेसून उघड्या डेकवर जाऊ नये. खाऱ्या, दमट हवेत जरीचे धागे काळवंडतात. खऱ्या चांदीच्या जरीलाही हा धोका असतो. आजीच्या किंवा सासूबाईंच्या जुन्या जरीच्या साड्या मात्र घरीच ठेवाव्यात.

नऊवारीचा विचार फार थोड्या जणी करतात, आणि मला त्याचे वाईट वाटते. काष्टा घातलेली नऊवारी वाऱ्याने उडत नाही, जिन्यावर पायात येत नाही, उंबरा ओलांडताना ती हाताने उचलावी लागत नाही, आणि पाय पूर्ण मोकळे राहतात. आपल्या आज्या-पणज्या ज्या वस्त्रात दिवसभर कष्ट करीत, ते चालत्या जहाजावर सोयीचे ठरावे यात नवल नाही. महेश्वरी सुती-रेशमी नऊवारी, ठसठशीत नथ आणि केसांत एखादे फूल एवढ्याने औपचारिक रात्री सगळ्या भोजनगृहाचे लक्ष वेधले जाते. नेसण्याची सवय नसेल तर शिवलेली नऊवारी घ्यावी; मात्र तिची नाडी किंवा हूक स्वतःला सहज सोडता येतो की नाही हे घरीच पाहावे, कारण केबिनचे न्हाणीघर अत्यंत अरुंद असते.

साडी नकोच असेल तर सरळ कटाचा, घोट्याच्या थोडा वर राहणारा रेशीम-सुती कुर्ता आणि निमुळती पँट हा सर्वांत सुटसुटीत पर्याय. धार जिल्ह्यातील बाग गावच्या छपाईचा लांब कुर्ता साध्या संध्याकाळी फार छान दिसतो. जॉर्जेट आणि क्रेप चुरगळत नाहीत हा त्यांचा मोठा गुण आहे, पण पॉलिएस्टरचे असतील तर डेकवर घामाने अंगाला चिकटतात. ज्या संध्याकाळी आतच बसायचे आहे त्या संध्याकाळी ते घालावेत. मोठ्या घेराचा लेहंगा आणि जमिनीवर लोळणारा गाऊन मात्र घरीच राहू द्यावा.

परकर, पोलके आणि शिंपी

पोशाख सुखाचा होतो की त्रासाचा, हे साडीपेक्षा आतल्या कपड्यांवर अधिक ठरते. परकर सुती असावा, त्याची नाडी रुंद पट्टीची असावी, आणि तो निवडलेल्या सँडलवर उभे राहून मापावा. घोट्याच्या दोन बोटे वर राहिला की जिना चढताना पाय अडकत नाही. फिश-कट परकर किंवा घट्ट शेपवेअर उभे राहून फोटो काढण्यापुरते ठीक असले, तरी त्यांत लांब पावले टाकता येत नाहीत आणि चार पदार्थांच्या जेवणानंतर कंबर आवळली जाते. जहाज हलत असताना पोटावरचा हा ताण अधिकच नकोसा होतो.

पोलक्याचे कापड शिंप्याकडे टाकताना काही गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. अस्तर मऊ सुती मलमलचे लावावे. मुंढा थोडा सैल ठेवावा, म्हणजे हात वर करून कठडा धरताना काखेत काचणार नाही आणि घामाचा डाग कमी दिसेल. बाही कोपरापर्यंत असावी, जी आतल्या थंडीत उपयोगी पडते आणि दिसायलाही भारदस्त असते. हूक पुढे ठेवावेत. मागच्या हुकांसाठी आणि पाठीवरच्या नाड्यांसाठी दुसऱ्या कोणाची मदत लागते, आणि छोट्या केबिनमध्ये एकाच वेळी दोघी तयार होत असताना ती वेळेवर मिळत नाही. एक काळे किंवा सोनेरी पोलके असे शिवून घ्यावे की ते निदान दोन साड्यांवर चालेल. शिवणीच्या आत अर्धा-पाऊण इंच कापड सोडायला सांगावे, कारण क्रूझवर जेवण भरपूर असते.

शिंप्याला किमान तीन आठवडे द्यावेत. लग्नसराईत इंदूरच्या शिंप्यांकडून ऐन वेळी काम होत नाही, हे येथल्या प्रत्येकीला माहीत आहे.

पुरुषांसाठी

पुरुषांचे काम तुलनेने सोपे आहे. गडद निळा किंवा काळा बंदगला हा औपचारिक रात्रीचा उत्तम पोशाख. टाय लागत नाही, गळ्याला ऊब राहते आणि परदेशी जहाजावरही तो पूर्ण औपचारिक मानला जातो. कापड हलके ट्रॉपिकल वूल किंवा वूल-मिश्र घ्यावे. चकचकीत जरदोजीची शेरवानी वरातीसाठी ठेवावी. बंदगल्याची पँट वेगळ्या दिवशी साध्या शर्टाबरोबर घालता येते, आणि चंदेरी किंवा महेश्वरी कापडाचे बिनबाह्यांचे जाकीट कुर्त्यावर किंवा पांढऱ्या शर्टावर घातले की दुसरी संध्याकाळ भागते. हाफ पँट, बनियन आणि रबरी स्लिपर घालून मुख्य भोजनगृहात जाता येत नाही. बुटांना रबरी तळ असावा. ज्येष्ठांना कडक बूट सोसत नसतील तर मागे पट्टा असलेली काळी चामडी सँडल कुर्ता-पायजम्यावर चालते. सूटवर मात्र ती शोभत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुर्ता आणि जाकीटच ठरवावे.

घरीच रंगीत तालीम

निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी प्रत्येक खास पोशाख संपूर्ण साजासह एकदा पूर्ण संध्याकाळ घालावा. एखादे स्वागत-समारंभाचे आमंत्रण किंवा महाराष्ट्र मंडळातील कार्यक्रम असेल तर उत्तमच. त्या पोशाखात दोन मजले चढून उतरावे, दीड तास खुर्चीत बसून जेवावे, हात वर करून कपाटातील वस्तू काढावी, आणि गच्चीवर पंख्यासमोर उभे राहून पदर किती हलतो ते पाहावे. पदर खांद्यावर एकाच पिनेने टोचला तर वाऱ्याच्या ओढीने कापड फाटते. खांद्याशी दोन आणि कमरेशी एक अशा तीन पिना लावाव्यात, आणि प्रत्येक पिनेखाली कापडाचा लहान तुकडा किंवा मणी ठेवावा. निऱ्यांना आतून एक मोठी पिन हवीच. या तालमीत जे काचेल, टोचेल किंवा घसरेल ते दुरुस्त करायला अजून वेळ हातात असतो.

दागिन्यांबाबत माझा आग्रह आहे की सराफ्यातले सोने लॉकरमध्येच ठेवावे. मोत्यांची तन्मणी, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली ठुशी आणि लहान कर्णफुले एवढ्यावर साडी सजते. लांब झुमके वाऱ्यात केसांत गुंततात.

बॅग भरताना आणि जहाजावर

इंदूरहून मुंबईला अवंतिका एक्सप्रेसने जाणाऱ्यांना वजनाची फारशी चिंता नसते, पण विमानाने जाणाऱ्यांना देशांतर्गत उड्डाणांत बहुधा १५ किलोच्या मर्यादेत बसावे लागते. म्हणून एकेक संध्याकाळ वेगळ्या मलमलच्या पिशवीत बांधावी : साडी, पोलके, परकर, पिना आणि तिच्याबरोबरचे दागिने एकत्र. निऱ्या आधी घालून इस्त्री करून देणाऱ्या महिला आता शहरात सहज मिळतात. महेश्वरी आणि क्रेप यांच्या निऱ्या अशा करून घेतल्या की केबिनमध्ये साडी पाच मिनिटांत नेसून होते; चंदेरीच्या आणि जरीच्या साड्यांना मात्र अशा दाबून घातलेल्या घड्यांत फार दिवस ठेवू नये.

आगीच्या धोक्यामुळे बहुतेक कंपन्या प्रवाशांना इस्त्री आणि स्टीमर आणू देत नाहीत, आणि तपासणीत सापडल्यास ते सहल संपेपर्यंत काढून ठेवले जातात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी स्वतंत्र लॉण्ड्रीची खोली असते, बाकी ठिकाणी पैसे देऊन इस्त्री करून मिळते. औपचारिक रात्रीच्या दिवशी तेथे गर्दी होते, तेव्हा कपडे आदल्या दिवशीच द्यावेत. किरकोळ सुरकुत्यांसाठी साडी हँगरवर लावून, गरम पाण्याने अंघोळ करताना न्हाणीघरात टांगावी. जरीच्या साडीला हा उपाय करू नये. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चार-पाच चुंबकी हूक बरोबर नेले तर ओढण्या आणि बटवे टांगायला जागा होते. कपाट लहानच असते.

संध्याकाळ संपल्यावर साडी लगेच घडी करून बॅगेत टाकू नये. ती रात्रभर हँगरवर मोकळी सोडावी, पोलक्याच्या काखा ओल्या फडक्याने पुसून वाळवाव्यात, आणि सँडलचे तळ कोरडे पुसावेत, कारण त्यावर बसलेले मीठ चामडे कडक करते. इंदूरला परतल्यावर सुती परकर आणि अस्तराची पोलकी पहिल्याच दिवशी धुवावीत, रेशीम-सुती साड्या एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवाव्यात आणि जरीच्या साड्या ड्रायक्लीनिंगला देताना त्या समुद्रावर नेसल्या होत्या, हे दुकानदाराला आवर्जून सांगावे.